भीमाची बहीण

पेडणेकर काकांनी भीम ओळखण्यात चूक केली नसती, तर त्या गणपतीत आमच्या घरात काय झालं असतं, याचा विचार माझ्या मनात अजूनही येतो. माणूस सज्जन, कामाला वाघ, पण एखादी गोष्ट आपल्याला कळलेली नाही असं त्यांना कधी वाटतच नसे. त्यांच्या भीमाकडे यायला मला थोडा वेळ लागेल. आधी घराबद्दल सांगायला हवं.

कोपरखैरण्यात बोनकोडे गावाला लागून नवी वसाहत उठली होती, तिथे आम्ही राहायला आलो होतो. इमारती उभ्या होत्या, पण बाकी सगळं अजून व्हायचं होतं. रस्ता म्हणजे खडी, बाजार म्हणजे वाण्याचं एक दुकान आणि झाडं म्हणजे लोखंडी जाळीत उभ्या केलेल्या काड्या. दिवसभर कुठे ना कुठे पाया खणल्याचा धाडधाड आवाज चाले, आणि तो थांबला की खाडीकडून बेडूक सुरू होत. बाबा तळोज्याला रसायनांच्या एका कारखान्यात स्टोअरमध्ये होते. कंपनीची बस सकाळी त्यांना घेऊन जाई, संध्याकाळी आणून सोडी, आणि बाबांच्या आधी त्यांच्या शर्टाचा वास जिना चढून वर येई. आई तो शर्ट वेगळ्या बादलीत भिजवायची. बाबा अंगाने धिप्पाड. गॅसचं सिलिंडर खांद्यावर टाकून ते जिना चढायचे तेव्हा मला फार अभिमान वाटे. बोलणं मात्र बेताचं. घरात काही पेच पडला की ते उठून एखादी जड वस्तू हलवायला लागत. कपाट या भिंतीचं त्या भिंतीला, पाण्याचं पिंप मोरीतून गॅलरीत. आई म्हणायची, यांना उचलता येतील अशी दुःखं असती तर किती बरं झालं असतं.

कुसुमआत्या, बाबांची धाकटी बहीण, माझ्या धाकट्या भावाच्या वेळी आईला मदत म्हणून आली होती. भाऊ रांगायला लागला, मग चालायला लागला, तरी आत्या आमच्याकडेच. का, ते कुणी विचारलं नाही. तिचं सासर महाडच्या बाजूला. भाताची जमीन, भरलेलं घर, नवरा शाळेत मास्तर. तिला मूल झालं नव्हतं. मारहाण नव्हती, उपाशी ठेवणं नव्हतं. एके दिवशी नवऱ्याने तिच्याशी बोलणं बंद केलं आणि ते पुन्हा सुरू केलंच नाही, एवढंच. मग घरातली बाकीची माणसंही कामापुरतं बोलू लागली, तेही भिंतीकडे बघून. हे मला पुष्कळ नंतर आईकडून कळलं. तेव्हा मला दिसलं ते असं, की ही बाई कुणाला हाक मारत नाही. पान वाढून झालं की ती पाण्याचं फुलपात्र दोनदा फरशीवर टेकवायची, टक टक, आणि दाराआड जाऊन उभी राहायची. सासरी नवऱ्याला जेवायला बोलावायची तिची तीच रीत होती. पहिल्या दिवशी बाबांना वाटलं, भांडं पडलं. आईला मात्र लगेच उमगलं. ती म्हणाली, "वन्सं, इथे हाक मारायची. मोठ्याने. मला ओरडल्याशिवाय ऐकूच येत नाही." आईचे कान चांगले तीक्ष्ण होते.

हाक यायला वेळ लागला, पण आली आणि मग काय विचारता. आत्या कुळथाचं पिठलं ढवळताना गायची, धाकट्याला भरवताना काऊ आणि चिऊचं भांडण दोन आवाजांत करून दाखवायची, आणि खालच्या नळाला पाणी आलं की तिसऱ्या मजल्यापर्यंत वर्दी तीच द्यायची. श्रावणात तिने जिन्यात बसून वारांच्या कहाण्या सांगायला सुरुवात केली. हातात पुस्तक नाही. मनाने सांगायची आणि दर वेळी थोडी फिरवायची. सोमवारी सोशीक असलेली नावडती राणी शुक्रवारी चांगली फटकळ होऊन यायची. इमारतीतल्या बायका तांदूळ निवडायचे विसरून ऐकत बसत. बोनकोड्याची हिराबाई एरवी खाडीची कोळंबी नि निवट्या घेऊन दारोदार यायची. श्रावणात आमच्याकडे मासे कोण घेणार, म्हणून तेव्हा तिच्या पाटीत भेंडी आणि शिराळी असत. तीही पाटी उतरवून पायरीवर टेकायची आणि कहाणी संपेपर्यंत हलायची नाही. आत्या सांगायला बसली की तिचा चेहराच वेगळा दिसायचा. आज डोळे मिटले तरी तो चेहरा मला दिसतो, आणि नळाखाली भिजत टाकलेल्या अळूच्या पानांचा वास येतो.

गौरी आल्या त्याच दिवशी आत्याचे थोरले दीर आले. त्यांना सगळे अण्णा म्हणत. पोह्यांची पिशवी आणली, कोकमं आणली, माझ्या डोक्यावर हात ठेवून अभ्यासाची चौकशी केली, आईच्या मोदकांना मनापासून नावाजलं. जेवण झाल्यावर सुपारी कातरता कातरता त्यांनी सांगितलं, की आत्याच्या सासूला अर्धांगाचा झटका आलाय, एक बाजू गेलीय, आणि त्यांची स्वतःची बायको दम्याने बेजार आहे, घरात करणारं माणूस नाही. गौरी गेल्या की कुसुमला न्यावं म्हणतो, असं ते अगदी हळू आवाजात म्हणाले. वाईट माणूस नव्हते ते. आता त्यांच्या तेव्हाच्या वयाच्याही पुढे गेल्यावर मला त्यांची अडचण चांगली कळते. पण त्यांच्या सगळ्या बोलण्यात आत्याच्या नवऱ्याचा काय निरोप आहे, ते मात्र आलं नाही. बाबा म्हणाले, बरोबर आहे तुमचं. आणि उठून पिंप हलवायला गेले.

आईने स्वयंपाकघरात आत्याला विचारलं. आत्या म्हणाली, दादा ठरवेल तसं. आईने ते बाबांना सांगितलं. बाबा म्हणाले, तिची ना नाही ना, मग झालं. म्हणजे बहिणीने भावावर सोपवलं, भावाने बहिणीवर, आणि सोमवारची सकाळची एसटी मात्र नक्की झाली. शनिवारी गौरींना दहीभाताचा नैवेद्य दाखवून निरोप दिला. त्यानंतर आत्याने सगळ्यांची पानं वाढली, वरण, अळूचं फदफदं, वालाचं बिरडं. आम्ही बाहेरच्या खोलीत हाकेची वाट बघत होतो. हाक आली नाही. आतून फुलपात्राचा आवाज आला, टक टक. आईने बाबांकडे पाहिलं. बाबा खाली मान घालून पानावर जाऊन बसले आणि जेवण संपेपर्यंत त्यांनी मान वर केली नाही. मला तेव्हा रडू आलं आणि बिरड्यात मिरची लागली असं मी सांगितलं.

आता पेडणेकर काका. ते आमच्या मंडळाचे सेक्रेटरी. वसाहतीतले लोक कुणी गिरगावातून आलेले, कुणी कोकणातून, कुणी देशावरून, शिवाय शेजारी बोनकोड्याचे मूळचे लोक. सगळ्यांना आवडेल असा काहीतरी कार्यक्रम हवा म्हणून त्यांनी रविवारी आरतीनंतर पडद्यावर सिनेमा दाखवायचा ठरवलं. त्यासाठी ते स्वतः मुंबईला भाड्याने फिल्म देणाऱ्या दुकानात गेले. दुकानदाराने त्यांच्यापुढे चित्रांची चळत टाकली. एका चित्रात दाढीवाला, उघडाबंब, दंडावर बेडक्या आलेला गडी दोन हातांनी दगडी खांब पाडत होता. काकांनी ताबडतोब ओळखलं. हा भीम. देवाधर्माचा आहे, शक्तीचा आहे, आणखी काय हवं. नाव इंग्रजीत आहे हे त्यांनी पाहिलं होतं, पण हल्ली सगळ्याच कंपन्या इंग्रजीत लिहितात असं त्यांचं म्हणणं. परत आल्यावर त्यांनी फळ्यावर रंगीत खडूने लिहिलं, भीमाचा सिनेमा, सर्वांना अगत्याचं निमंत्रण. बोनकोड्यात जाऊन तोंडी आमंत्रणही देऊन आले.

रविवारी मैदान भरून गेलं. गावातल्या बायका गोधड्या घेऊन, म्हाताऱ्या नातवंडांना घेऊन आल्या. जागा पुरेना म्हणून पुष्कळजण पडद्यामागे बसले. तिकडून चित्र उलटं दिसतं, पण दिसतं. अण्णांना पाहुणे म्हणून पुढची खुर्ची दिली होती. खाडीवरून वारा सुटला होता आणि पडद्याच्या डाव्या अंगाचा बांबू मुरमाड जमिनीत काही केल्या टिकेना. दोन दगड लावले, खुंटी मारली, तरी तो डुलत होता. शेवटी काकांनी बाबांना बोलावलं. तुमच्यासारखं माणूस हवं इथे, असं म्हटल्यावर बाबा पडद्यामागे गेले आणि बांबूला मिठी मारून उभे राहिले. मला वाटतं, त्या दिवशी त्यांना धरायला काहीतरी मिळालं म्हणून बरंच वाटलं असेल.

सिनेमा सुरू झाला. भीम आला. अंगाला तेल चोपडलेलं, दाढी कातरलेली, पायात पट्ट्यापट्ट्यांच्या चपला आणि कमरेला धोतराऐवजी गुडघ्याच्या वर येणारा फ्रॉक. मग भीम बोलू लागला, तो इंग्रजीत, आणि ओठ एक बोलत होते तर आवाज दुसरंच. पुढे खूप वर्षांनी माझ्या मुलाने मला समजावलं, की असले पैलवानांचे सिनेमे इटलीत ढिगाने निघत आणि मग त्यावर इंग्रजी आवाज चढवत. तेव्हा आम्हाला इटली कुठली माहीत. थोड्या वेळाने यंत्राने एक शिट्टी मारली, खरखर केली आणि आवाज बंदच पडला. चित्र तेवढं चालू राहिलं. यंत्रवाल्याने हात वर केले. मग पेडणेकर काका माईक घेऊन समजावायला उभे राहिले. भीम वनवासात आहे, म्हणाले. पाठीमागून गावातल्या कुणा पोराने विचारलं, गदा कुठाय. भीम सिंहाशी कुस्ती खेळू लागला तेव्हा काकांचं महाभारत संपलं आणि ते नुसते, बघा, बघा, असं म्हणत राहिले. लोक गोधड्या गुंडाळायला लागले. तेवढ्यात हिराबाई उठून उभी राहिली आणि म्हणाली, "त्या कुसुमताईला सांगू द्या. ती कहानी बेस सांगते."

आत्या माझ्या शेजारी बसली होती. तिने मान हलवून नाही म्हटलं. पुढे अण्णा बसलेले. भर मैदानात, माईकवर, पुरुषमाणसांसमोर बाईने बोलायचं ही तेव्हा साधी गोष्ट नव्हती. पेडणेकर काका घामाघूम होऊन माईक पुढे करत होते. आई आत्याच्या कानाशी वाकली. "जा वन्सं," ती म्हणाली, "उद्यापासून कोण ऐकणार आहे तुमचं?" आत्याने एकदा आईकडे बघितलं आणि पदर खोचून उठली.

"आटपाट नगर होतं," तिचा आवाज कर्ण्यातून आला आणि गोधड्या पुन्हा पसरल्या गेल्या. हा आपला भीम नव्हे, तिने सांगून टाकलं, पण त्याच्याच तोलाचा, दूर देशीचा वीर आहे, तिकडे थंडी नसते म्हणून कपडे बेताचे. मैदान हसलं आणि पेडणेकर काकांचा जीव भांड्यात पडला. पुढे सगळं सुरळीत चाललं. सिंह मेला, होड्या बुडाल्या, दुष्ट प्रधानाने विष कालवलं. मग एकदम झिरझिरीत कपड्यांतली एक सुंदर राणी धावत आली आणि त्या वीराने तिला उचलून छातीशी धरलं. समोर गणपती बसलेला, म्हातारीकोतारी बसलेली. यंत्रवाल्याने भिंगापुढे हात धरला, पण जरा उशीरच केला. आत्या एक क्षणही थांबली नाही. "बहीण भावाला भेटली," ती म्हणाली. "कितीतरी वर्षांनी भेटली." सगळ्यांनी सुटकेचा श्वास सोडला. हिराबाईने तर डोळ्याला पदर लावला.

लाजेखातर जोडलेलं ते नातं आता शेवटपर्यंत निभावणं भाग होतं. ती बहीण झाली, म्हणजे मुकुटवाला राजा तिचा नवरा झाला. पडद्यावर राजा मोठ्या दालनात एकटा बसून सोन्याच्या पेल्यातून काहीतरी पीत होता आणि राणी खांबाआड उभी होती. आत्याचा आवाज खाली आला. राजाच्या महालात सगळं होतं, ती सांगू लागली. सोनं होतं, दासी होत्या, कारंजी होती. फक्त बोलणं नव्हतं. राजा राणीशी बोलत नसे, म्हणून दासीही बोलत नसत. राणीला हाक मारायची चोरी होती. ती पेला वाजवायची. आणि आत्याने माईकवर नखाने वाजवून दाखवलं. टक टक. कर्ण्यातून तो आवाज सगळ्या वसाहतीवर गेला. आईने माझा हात इतका घट्ट धरला की बांगडी रुतली. पडद्याच्या डाव्या कडेला बांबूला मिठी मारलेले बाबांचे हात दिसत होते, आणि ते अजिबात हलत नव्हते.

शेवटच्या रिळात वीराने साखळ्या तोडल्या, खांदा लावून देवळाचे खांब पाडले, दुष्ट सगळे चिरडून मेले. मुलांनी शिट्ट्या वाजवल्या. मग वीर राणीचा हात धरून तिला राजवाड्याच्या दाराशी घेऊन आला. दारात राजा हात पुढे करून उभा होता. इथे आत्या थांबली. यंत्राचा किर्र आवाज तेवढा येत राहिला. लोकांना वाटलं, गोष्ट संपली. मग आत्या म्हणाली, "राणी म्हणाली, मला तिथं जायचं नाही."

मैदानात चुळबुळ झाली, कारण पडद्यावरची राणी पायऱ्या चढत होती. हिराबाईला राहवेना. "पन ती त आत चालली हाय," ती म्हणाली.

"चालली आहे," आत्या म्हणाली. "भावाने हात धरून आणलं, म्हणून चालली आहे. एवढे खांब पाडले त्याने. पण तुला जायचंय का, एवढं त्याने विचारलं नाही."

आणि डावीकडचा बांबू खाली आला. पडदा एका अंगाने दुमडला, राजवाडा आणि राजा त्यात गुंडाळले गेले, यंत्राचा उजेड समोरच्या अर्धवट इमारतीवर जाऊन पडला. पोरं ओरडली. बाबा त्या दुमडलेल्या पडद्याच्या बाजूने पुढे आले. बसलेल्या माणसांतून वाट काढत ते सरळ आत्यापाशी गेले. तिच्या हातातला माईक चालूच होता, त्यामुळे पुढचं सगळ्यांनी ऐकलं.

"कुसुम, तुला जायचंय का?"

"नाही, दादा."

माझ्या आठवणीत बाबांनी कुणाला इतक्या लोकांसमोर काही विचारलेलं ते एकदाच. त्यांनी आत्याच्या हातातून माईक घेऊन तो पेडणेकर काकांना दिला. काकांना दुसरं काही सुचलं नाही म्हणून त्यांनी प्रसाद वाटप जाहीर केलं. साबुदाण्याची खिचडी होती. अण्णा खुर्चीवरून उठले, उपरणं सारखं केलं आणि आमच्याबरोबर घरी चालत आले. घरी पोचल्यावर आत्याने सगळ्यांना हाक मारून दूध प्यायला बोलावलं.

सोमवारी अण्णा एकटेच गेले. बाबांनी त्यांच्या आईची चौकशी केली, चार दिवसांनी स्वतः जाऊन भेटून आले, आणि तिथे करायला बाई मिळावी म्हणून ओळखीपाळखीत विचारूनही ठेवलं. निघताना अण्णा दाराशी घुटमळले. मग आत्याकडे, भिंतीकडे नव्हे, आत्याकडे बघून म्हणाले, येतो कुसुम. आत्याने त्यांना वाकून नमस्कार केला आणि सांभाळून जा म्हटलं. त्या घरातल्या कुणीतरी तिच्याकडे बघून बोललं याचं तिला शेवटपर्यंत अप्रूप होतं. राग धरणं तिला जमलंच नाही. पुढे तिने वसाहतीत बालवाडी काढली. अर्ध्या कोपरखैरण्याला तिने पहिली गोष्ट सांगितली असेल. बाबा निवृत्त झाले तेव्हा जेवणाची वेळ झाली की ती खिडकीतूनच ओरडायची, दादा, पान वाढलंय. बाबा बागेतल्या बाकावरून, आलो, आलो, असं ओरडून उत्तर द्यायचे. आता ती दोघंही नाहीत. आईही नाही.

काही वर्षांपूर्वी बोनकोड्यात एका हळदीला गेले होते. हिराबाई फार थकली होती, नजर गेलेली, पण ओसरीवर नातसुनांच्या घोळक्यात बसून ती त्यांना भीमाचा सिनेमा सांगत होती. सिंहाची कुस्ती झाली, होड्या बुडाल्या, देऊळ पडलं. मी मागे उभी राहून ऐकत होते. शेवटाला पोचल्यावर ती म्हणाली, तो भीम खांब टाकून देतो नि बहिनीला इचारतो, तुला जायचाय का. ती सांगते, नाय दादा. मग तो तिला घरी नेतो.

एका नातसुनेने माझ्याकडे वळून विचारलं, असा पिक्चर खरंच होता का.

मी म्हटलं, होता. मी पाहिलाय.